सूपभर कोंडा

छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२४

पोस्टमास्तर साहेब,
तळ्याची वाडी, शिरड शहापूरजवळ, जि. हिंगोली

जयभीम. तुमची माझी ओळख नाही आणि तुमच्या गावात माझ्या ओळखीचं एकही माणूस नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. गावात कोण कुठे राहतं हे पोस्टाइतकं कोणाला माहीत असणार?

मी दीक्षा रामजी पाईकराव. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वय एकतीस, तेही अंदाजाने. आईबाबांनी मला दत्तक घेतलं तेव्हा माझी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. बाबांनी कोर्टात चौदा ऑक्टोबर सांगितली, कारण ती आमच्या घरात सणाची तारीख. त्यावरूनच नाव दीक्षा. दत्तक असल्याचं मला आठव्या वर्षापासून माहीत आहे, त्यात लपवाछपवी काही नाही.

आई, म्हणजे पद्माबाई, गेल्या वर्षी गेली. ती होती तोवर मी जुनी फाईल मागितली नाही. आपलंच काही कमी पडलं म्हणून पोरगी मागे वळून बघतेय, असं तिला वाटलं असतं. ती गेल्यावर मात्र मला घरात बसवेना. अर्ज केले, चकरा मारल्या, आणि वर्षभराने दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी माझ्यासमोर लाखेची मोहोर फोडली. अर्धा तास वाचायला दिलं. झेरॉक्स नाही, फोटो नाही. मी हाताने उतरवून घेतलं, इतक्या घाईत की माझंच अक्षर मला लागत नाही.

त्यात गावाचं नाव 'शिर्डी शहापूर' लिहिलं आहे. मी नकाशा घेऊन बसले. शिर्डी एकीकडे, शहापूर भलतीकडे. बाबा हिंगोली डेपोला कंडक्टर होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, शिर्डीबिर्डी काही न्हाई. औंढा, शिरड शहापूर, वसमत! त्या रूटवर मी किती वर्षं तिकिटं फाडली."

तर विचारायचं एवढंच. नर्मदाबाई, नवरा लिंबाजी, राहणार तळ्याची वाडी. फेब्रुवारी १९९४ मध्ये ही बाई तीन महिन्यांच्या आजारी मुलीला घेऊन परगावच्या सरकारी दवाखान्यात आली होती. ती मुलगी मी. नर्मदाबाई हयात आहेत का?

संस्थेकडून त्यांना रीतसर रजिस्टर पत्र जाणार आहे. त्या हो म्हणाल्या तर भेट, नाही म्हणाल्या तर पाकीट पुन्हा मोहोरबंद. मी तोवर थांबायला हवं होतं. पण थांबणं मला कधीच जमलं नाही.

आपली,
दीक्षा पाईकराव


तळ्याची वाडी
२९ नोव्हेंबर २०२४

मॅडम,

आपले पत्र मिळाले. चौकशी केली असता सदर नावाची बाई गावात आढळून येत नाही. नर्मदा नावाच्या बाया गावोगाव आहेत. त्या काळात मेंढरं घेऊन दूरच्या मुलखात गेलेली माणसं पुष्कळ होती. त्यातली कोण कुठे पांगली हे आता सांगता येणार नाही. तरी आपण या गोष्टीचा नाद सोडावा, हे बरे.

कळावे.
शाखा पोस्टमास्तर

ता. क. आपण शिकून शिक्षिका झालात हे वाचून फार बरे वाटले.


छत्रपती संभाजीनगर
५ डिसेंबर २०२४

पोस्टमास्तर साहेब,

माझ्या पत्रात मेंढरांचं नाव कुठे होतं?

मी माझं पत्र लिहिण्याआधी वहीत काढलं होतं. ते तीनदा वाचलं. मेंढरू नाही, शेळी नाही, काठी नाही, घोंगडी नाही. तुम्ही ते कुठून आणलंत? म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आणि वर मला नाद सोडायला सांगता. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, साहेब. सातवीची पोरंसुद्धा याहून बरं बोलतात.

मग आता मीही पहिल्या पत्रात गिळलेलं सांगते. फाईलमधली तीन वाक्यं जशीच्या तशी: "सदर स्त्री नर्मदाबाई हिला तीन वेळा विचारले असता, बालिका आपली नसून विकत घेतली असल्याचे तिने सांगितले. विकणारी स्त्री पारुबाई हिनेही बालिका आपली नसल्याचे सांगितले. दोघी बालिकेस 'कोंडाबाई' म्हणतात."

विकत! मी घरी आले आणि आईच्या फोटोसमोर बसून रडले. बाजारातली वस्तू होते मी. आणि नाव काय, तर कोंडाबाई. कोंडा म्हणजे दळण चाळल्यावर उरतं ते. नाहीतर डोक्यात होतो तो. विकणाऱ्यांनी निदान नाव तरी बरं ठेवायचं होतं.

मला कोणाच्या घरात हक्क सांगायचा नाही. मला कोणाची आई नको, माझी मला होती. मला फक्त विचारायचंय, की मला विकलं होतं का. तेवढं कळलं की मी शांत बसेन. आता वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना मध्येच थांबते आणि पोरं एकमेकांकडे बघतात.

दीक्षा


तळ्याची वाडी
१४ डिसेंबर २०२४

दीक्षा मॅडम,

पहिली गोष्ट, मी साहेब नाही. माझं नाव मोहिनी. वय सव्वीस, माहेर कनेरगाव नाका. दहावीच्या मार्कांवर ही पोस्टाची नोकरी लागली. एक खोली, एक टेबल, एक वजनकाटा, असं आमचं पोस्ट. सकाळी थैली येते, दुपारी जाते.

दुसरी गोष्ट, मी खोटं बोलले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, तुम्ही मेंढरांवरून पकडलंत. नर्मदाबाई हयात आहेत. त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. लिंबाजी मामा सहा वर्षांपूर्वी वारले. माझे मालक शिवहार, तुमच्याहून चार वर्षांनी लहान. शेळ्यामेंढरं आणि थोडी हळद, असा आमचा संसार.

तुमचं पत्र मी टेबलाशी उभी राहून वाचलं. या घरात एक मोठी लेक झाली होती आणि ती दवाखान्यात गेली, एवढंच मला माहीत होतं. 'गेली' म्हणजे वारली, असं मी समजत होते. मालकही तेच समजतात. आत्याबाईंपुढे तो विषय कोणी काढत नाही. काढला तर त्या उठून गोठ्यात जातात. मला वाटलं, झाकलेलं झाकलेलंच राहू दे. म्हातारीचं काळीज फाटलं तर कोणाला सांगू?

पण विकत घेतल्याचं वाचल्यापासून मलाही जेवण जाईना. ही बाई मेलेल्या कोकराला पण पदराखाली धरून बसते. ती आपलं लेकरू माझं नाही म्हणेल? आणि जे तिचंच होतं ते तिनं विकत कसं घेतलं? माझं डोकं चालत नाही. पारुबाई शेजारच्याच. ऐंशीच्या पुढे वय, कान गेलेत. त्यांना विचारायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. तुमच्या संस्थेचं रजिस्टर सोमवारी आलं. नाव बराबर, पत्ता बराबर. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सात दिवस ठेवायची मुभा असते, त्यातले पाच गेले. रोज घरी जाताना म्हणते आज नेते, आणि ड्रॉवरला कुलूप लावून निघते.

मोहिनी


छत्रपती संभाजीनगर
१८ डिसेंबर २०२४

मोहिनी,

हे पत्र पोचेल तेव्हा तुझे सात दिवस संपलेले असतील. तू ते परत पाठवलं असशील तर मी पुन्हा अर्ज करीन, पुन्हा चकरा मारीन, आणि तू पुन्हा ड्रॉवरला कुलूप लावशील.

माझं टपाल तू नाही अडवलंस, त्यांचं अडवलंस. त्यावर नाव त्यांचं आहे. हो म्हणायचं की नाही, हे त्यांचं त्या ठरवतील. त्यांच्या काळजाची काळजी तू का करतेस? एकतीस वर्षं ते फाटायचं राहिलंय का?

रागावून लिहितेय, पण तू खरं लिहिलंस म्हणून तुझा रागही येत नाही. बाबा रोज विचारतात, "शिरडचं काही आलं का?" काल म्हणाले, "मी तिला तिकीट दिलं असेल गं. समोर उभी राहिली असेल, सुटे द्या म्हणालो असेन."

ने ते पत्र घरी.

दीक्षा


तळ्याची वाडी
२ जानेवारी २०२५

दीक्षाताई,

तुमचं पत्र यायच्या आधीच नेलं. सातव्या दिवशी. नोकरी गेली असती म्हणून म्हणा, नाहीतर लाज वाटली म्हणून म्हणा. एवढे दिवस कळवलं नाही, कारण कळवायला हात धजेना.

आत्याबाई जात्याजवळ तूर निवडत बसल्या होत्या. मी पाकीट फोडून वाचून दाखवलं. शिवहारही होते. अर्ध्यावर आले तेव्हा आत्याबाईंनी हात वर केला आणि एकच विचारलं, "जित्ती हाय?"

मी म्हटलं, "हाय. मास्तरीण हाय."

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि पुन्हा विचारलं, "जित्ती हाय ना बराबर?" असं चार वेळा विचारलं. दरवेळी मी व्हय म्हणाले. त्या हसत होत्या, दीक्षाताई. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न: 'सदर व्यक्ती माझे अपत्य आहे. होय / नाही.' मला वाटलं आता काय, व्हयच. मी शाई पुढे केली. त्यांचं हसू एकदम गेलं. म्हणाल्या, "न्हाई. माजी न्हाई ती. न्हाईवर लाव." शिवहार ओरडले, "आये, काहून खोटं बोलून राहिलीस?" त्यांनी 'नाही' कुठे लिहिलंय ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं. स्वतःच त्याच्यापुढे अंगठा लावला आणि उठून गोठ्यात गेल्या. पुढचे प्रश्न कोरेच आहेत.

मला माफ करा. पाकीट माझ्याकडे आहे, उद्याच्या थैलीत टाकते.

मोहिनी


छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२५

मोहिनी,

चौथ्यांदा. दवाखान्यात तीनदा, आणि आता चौथ्यांदा. एखाद्या बाईने एकच गोष्ट चार वेळा सांगितली तर ती खरीच असणार. विज्ञानात आपण यालाच सिद्ध झालं म्हणतो.

माझं उत्तर मला मिळालं. मी त्यांची नाही. कोणाची तरी होते, पारुबाईने कुठून तरी आणली, त्यांना विकली, आजारी पडल्यावर त्यांनी टाकली. जिवंत आहे म्हणून हसल्या, कारण इतकी वर्षं मनात टोचत असेल. टोचणी गेली, सुटल्या. बरं झालं. माझ्यामुळे कोणाचं तरी काही बरं झालं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "असं न्हाई. चार वेळा इचारत होती ना, जित्ती हाय का? टाकलेल्या वस्तूचं कोणी चार वेळा इचारत न्हाई." मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. ते उठले आणि माझ्यासाठी चहा करून आणला. त्यात साखर टाकायला विसरले, आणि मी तो तसाच प्यायले.

तू चांगली आहेस. तुझ्या घरात मी विनाकारण दगड टाकला. आता लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. संस्थेचं पत्र आलं की पाकिटाला पुन्हा लाख लागेल आणि मी प्रकाशाचं परावर्तन पुढे शिकवीन.

दीक्षा


तळ्याची वाडी
२१ जानेवारी २०२५

वन्सं,

हो, वन्सं. मॅडम नाही आणि ताई नाही. तुम्ही मला लिहू नका म्हणालात, मी लिहिणार नाही असं मी कुठे म्हणाले होते? नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणतात, आणि तुम्ही शिवहारच्या थोरल्या सख्ख्या बहीण आहात. एका आईच्या. आता नीट बसून वाचा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी पारुबाईला आमच्या शेतात नेलं, हरभऱ्यात. तिथे ओरडून विचारलं तर ऐकायला फक्त शेळ्या. विचारलं, "कोंडाबाईला कोणी विकलं?"

म्हातारी म्हणाली, "म्या इकली. आन् म्या बी न्हाई इकली."

मग तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "नर्मदाची तीन लेकरं गेली व्हती. येक पाचवीच्या आतच, येक सा म्हैन्याचं, येक चालाय लागल्यावर. चौथी ही झाली. मंग बाया म्हणल्या, हिला आपली म्हणू नको, म्हणलीस की मरण येतंय. बाराव्या दिशी सुपात घातली, उकिरड्यावरून वढली आन् माज्या दारात ठिवली. म्या आत घेतली. आता लेकरू माजं झालं. मंग नर्मदा दारात आली, म्हणली, बाई, तुजं लेकरू इकत देतीस का? म्हणलं, देते. तिनं सूपभर कोंडा दिला आन् लेकरू नेलं. कोंड्याला घेतली म्हणून कोंडाबाई. तिची न्हाईच तर मरण तिच्या घरी कशाला येतंय?"

वन्सं, कोंडिबा आणि कोंडाबाई आमच्याकडे ढीगभर आहेत. मी रोज त्यांची टपालं वाटते, आणि हे नाव कुठून येतं याचा कधी विचारच केला नाही!

पुढचं ऐका. त्या हिवाळ्यात हे लोक दूर मुलखात गेले होते. कोणाच्या तरी शेतात मेंढरं बसवली होती, खतासाठी बसवतात तशी. तुमची छाती भरली. मामा मेंढरांपाशी राहिले आणि या दोघी तुम्हाला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेल्या. तुम्हाला काचेच्या पेटीत ठेवलं. लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, लेकरू कोणाचं? आत्याबाई म्हणाल्या, "माजं न्हाई, इकत घेतलंय." तिने पारुबाईला विचारलं, तू विकलं? ती म्हणाली, "व्हय, कोंड्याला." मग त्यांनी पोलिसांचं नाव काढलं. पारुबाई घाबरली आणि म्हणाली, माझं पण नाही. ती म्हणते, "तवापासून नर्मदाच्या डोळ्याला डोळा देत न्हाई मी." शेजारी शेजारी राहतात, वन्सं, आणि मला पाच वर्षांत हे दिसलं नाही.

दोघींना तुमच्याविना परत यावं लागलं. आठ दिवसांनी मामा गेले तेव्हा पेटीत दुसरंच लेकरू होतं, तुम्हाला संस्थेत नेलं होतं. मामा पुष्कळदा गेले. त्यांना म्हणाले कागद आणा. घरी झालेल्या लेकराचा कागद कुठला?

मी घरी येऊन आत्याबाईंना धरलं. म्हटलं, एकदा, फक्त एकदा 'माजी हाय' म्हणायचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या गोठ्यात गेल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन डाव जिभंवर आलं. पन पेटीत तिचा रंग पालटून राहिला व्हता. तिघांना माजं माजं म्हणून घालवलं. हिला न्हाई म्हणलं आन् ही सुदरून राहिली. मंग कोन्त्या तोंडानं माजी म्हणू?" आणि फॉर्मचं विचारलं तर म्हणतात, "येकतीस वर्सं टिकली. आता माज्या जिभंनं तिला काही झालं तर?"

तुम्हाला विकलं नव्हतं. तुम्हाला विकत घेतलं होतं, मरणाकडून, आणि नंतर ती किंमत त्या रोज फेडत बसल्या.

पाकीट मी थैलीत टाकलं नाही. यावेळी खरंच टपाल अडवलंय. काय करू ते सांगा.

मोहिनी


छत्रपती संभाजीनगर
१ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. आठवडाभर रोज एक उत्तर लिहिलं आणि रोज फाडलं. पहिल्यात नुसता राग होता. एका शब्दासाठी! तीन लेकरं गेली ती दूषित पाण्याने गेली असतील, नाहीतर थंडीने, नाहीतर न घेतलेल्या लशीने. जिभेने कोणी मरत नाही. मी वर्गात हेच शिकवते, दरवर्षी, फळ्यावर मोठ्या अक्षरात. मी बरी झाले ती पेटीतल्या उबेने आणि औषधाने. त्या 'माझी' म्हणाल्या असत्या तरी मी जगले असते, आणि तुमच्या वाडीत हळद काढत असते.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत हे तुला कळलंच असेल. आमच्या आजोबांनी नवस, अंगारे, उतारे सगळं एका दिवसात टाकलं, ते पुन्हा उंबऱ्याच्या आत आलं नाही. मला वाटलं, बाबा आता म्हणतील, अडाणीपणा. ते म्हणाले, "खरं हाय तुझं. पण त्या बाईनं हे मानलं, म्हणून काळजावर दगड ठेवून तुला सोडलं. आणि आम्ही मानत न्हाई, म्हणून नावगाव न इचारता तुला घेतलं. दोघी आयांचा जीव तुझ्यातच ना?" मग डोळे पुसत म्हणाले, "पद्मा असती तर आजच एसटीत बसली असती."

आई एक म्हण नेहमी वापरायची. घरात काही नसलं आणि तरी ताट भरलं की म्हणायची, "कोंड्याचा मांडा केला बघ." हे ती माझ्याकडे बघून कधी म्हणाली नाही, याचं मला आता वाईट वाटतं. तिला नावच माहीत नव्हतं माझं.

तर ऐक. त्यांच्याकडून 'होय' म्हणवून घेऊ नकोस. मी जिंकले आणि त्या रोज धास्तीत राहिल्या, तर ते मला नको आहे. एखादी ठेच मला लागली तरी त्या स्वतःला दोष देतील. पहिल्या प्रश्नाचा तो अंगठा राहू दे. फॉर्मवर खाली 'नाते' असं एक घर आहे. त्यात लिही: 'कोंडा देऊन घेतलेली.' ते तर खरं आहे ना? त्यात त्यांचं खोटं नाही आणि माझंही नाही. भेटीच्या प्रश्नाचं मात्र त्यांना विचार.

आणि हे वाचून दाखव. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा जन्म नक्की कधीचा? आणि कोंडा कशाचा होता?

हसू नकोस. मला खरंच जाणून घ्यायचंय.

दीक्षा वन्सं


तळ्याची वाडी
१२ फेब्रुवारी २०२५

(वन्सं, हे आत्याबाईंचं आहे. त्या बोलल्या तसं लिहिलं, माझा एक शब्द नाही. मोहिनी.)

बाई,

तू माजी न्हाईस. हे आदी लिव म्हणलं मोहिनीला, मंग बाकीचं.

कोंडा जवारीचा व्हता. त्या साली जवारी बरी पिकली व्हती. सूप भरून शीग लावून दिला, घासाघीस केली न्हाई. सूप अजून घरात हाय, वापरत न्हाई, आड्याला टांगलंय. तू दसरा झाल्यावर आठव्या दिशी झालीस. कापसाची पयली येचनी चालू व्हती, सकाळची टाईम. तवा तारीख कोन बघतंय.

कागदावर तू सांगितलं तसं लिवलं. भेटायचं इचारलं तवा मी बोलायच्या आदी शिवहारनं व्हय म्हणलं, मंग मी अंगठा लावला. मोहिनीनं थैलीत टाकलं, मी उभी राहून बघितलं. पारुबाईला बी आज च्या पाजला. ती रडली, मी बी रडले.

तुजी आई गेली म्हणून मोहिनीनं सांगितलं. तिच्या फोटूला माजा हात जोडला म्हण. तिनं तुला रोज माजी माजी म्हणलं आसंल, आन् तरी तुला काही झालं न्हाई. हे ऐकल्यापासून मला झोप न्हाई. तिची जीभ चांगली व्हती बाई. माजं काय ते मला ठावं न्हाई, म्हणून मी म्हणनार न्हाई.

तुज्या बाबाला बी घेऊन ये. त्या गाडीत मी लई डाव बसले. सुटे नसले तर एक कंडक्टर ऱ्हाऊ द्या म्हणायचा, तो तेच आसंल तर मला ओळखू येईल.

दारात आलीस की थांब. पारुबाईकडची हाय, असं म्हण. मी कोंडा घेऊन उभी राहीन. जवारीचाच घेते, जुना न्हाई, ताजा दळून. मंग तुला आत घेते.

तू माजी न्हाईस. लवकर ये.

नर्मदाबाई लिंबाजी
हिचा अंगठा